घरावरचा गोल

सुरुवातीला घरावरचा गोल केवढा होता! धाकट्याच्या बायकोने लॅपटॉप उघडून नकाशा लावला, की आधी गल्ली दिसायची, मग कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान, आणि मग दिसायचं काहीच नाही. सगळ्या घरावर एक लाल गोल मांडी ठोकून बसलेला, पोटात भला मोठा आकडा घेऊन. त्याला टिचकी मारली की तो फुटायचा आणि आतून घराण्यातली माणसं डाळिंबाच्या दाण्यांसारखी घरंगळत बाहेर यायची. बाबांच्या पाण्याच्या टाक्या, टाकीपुढे उभी आई, आईच्या कडेवर थोरली, थोरलीच्या पाठीमागे लपलेला धाकटा.

हे झालं थोरलीमुळेच. बाबा गेल्यावर जुन्या अल्बमांची पानं एकमेकांना चिकटायला लागली, तेव्हा तिने ते सगळे अल्बम आपल्या शिवणाच्या टेबलावर आणले, खिडकीचा उजेड पाहून आणि श्वास रोखून एकेका फोटोचा फोनवर फोटो घेतला. फोन बिचारा काय जाणे, की हा फोटो धरणाजवळच्या वसाहतीतला आणि तो डोंगरातल्या स्टेशनावरचा? आपण जिथे उभे आहोत ती जागा त्याने प्रत्येकाच्या पाठीवर गोंदून टाकली. बाबा गावोगाव टाक्या बांधत हिंडले, दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड उचलत गेले. आणि नकाशावर पाहावं तर सारा जन्म थोरलीच्या खिडकीखाली.

पहिल्यांदा ते पाहून सगळे पोट धरून हसले होते. थोरली हसली नव्हती. तिला वाटलं होतं, बरोबरच तर आहे.

पण धाकट्याच्या बायकोला ते बरोबर वाटणं शक्य नव्हतं. ती नोकरीच नकाशांची करत होती. शहराखालून कुठली पाण्याची नळी कुठे जाते हे दाखवणारी पानं बनवायची. मावशीने तिचं नाव नकाशेवाली पाडलं होतं आणि ते असं चिकटलं होतं, की तिचं खरं नाव आता फक्त बँकेला ठाऊक होतं. हा घरचा नकाशा तिने स्वतः, फावल्या वेळात, ओळ ओळ लिहून उभा केला होता. आता एकेक फोटो उचलून त्याच्या त्याच्या गावी पोचवायचा होता, आणि गावं ठाऊक होती फक्त आईला.

मग रविवार सुरू झाले.

रविवारी धाकटा आणि नकाशेवाली तीन तासांचा रस्ता करून यायची. धाकटा जेवून आडवा व्हायचा आणि या दोघी सासू-सुना खिडकीशी बसायच्या, डोक्याला डोकं लावून. "आई, हा कुठला?" "हा होय? हा त्या लाल मातीच्या गावातला. तिथे एक बाई होती बघ, नवऱ्याला शिट्टी वाजवून हाक मारायची." आणि मग हसणं. आई हसायची ते थोरलीने पूर्वी कधी ऐकलंच नव्हतं, लपवाछपवीचं, मुलीसारखं. थोरली भांडी पुसत उभी राहायची. पुसलेलं भांडं परत पुसायची. मला सांगितलं नाही हे कधी, इतकी वर्षं एका छपराखाली राहून मला नाही, आणि ही चार वर्षांपूर्वी आलेली, हिला शिट्टीसकट!

दर रविवारी गोल आकसायचा. फोटो निघून जायचे, नदीकाठी, घाटावर, टेकडीवर. निघणाऱ्या प्रत्येक फोटोबरोबर घरातलं काहीतरी उणं होत होतं, असं तिच्या जिवाला लागायचं. त्यात धाकटा एकदा चहा पिता पिता म्हणून गेला, "नकाशा पुरा झाला की आईला थोडे दिवस आमच्याकडे नेतो." थोडे दिवस म्हणजे किती, ते त्याने सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. तिला नेमकं कळलं: गोल संपला की आई जाणार.

थोरलीचं दुकान घराच्या खालीच. ती नवं शिवत नसे. लोकांचं शिवलेलं उसवून, घट्ट ते सैल आणि सैल ते घट्ट करून द्यायची. उसवायला तिच्यासारखा हात नव्हता. टाके निघायचे पण कापडाला पत्ता लागायचा नाही. एका मंगळवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून तिने फोनवर नकाशा उघडला. आईचा एक फोटो टेकडीवर जाऊन बसला होता. तिने त्यावर अंगठा दाबून धरला. फोटो थरथरला, उचलला गेला. नकाशेवालीने घरातल्या सगळ्यांना हलवायची मुभा ठेवली होती, कुणाला काही आठवलं तर दुरुस्त करावं म्हणून. थोरलीने तो फोटो हळूहळू ओढत आणला, नद्या ओलांडून, रस्ते ओलांडून, आपल्या गल्लीपर्यंत. सोडला. गोलातला आकडा एकाने वाढला.

तिला इतकं गार वाटलं, की तिने लगेच दुसरा आणला.

तेव्हापासून असंच चाललं. रविवारी नकाशेवालीने न्यावं, आठवड्यात थोरलीने एखाद-दुसरा परत आणावा. फार नाही, कळणार नाही इतकाच. पुढच्या रविवारी नकाशेवाली भुवया आकसून पडद्याकडे बघायची. "हा तर आपण हलवला होता ना, आई? माझ्याच लिहिण्यात कुठेतरी चूक आहे." धाकटा सोफ्यावरून म्हणायचा, "शहराच्या नळ्या तरी जागेवर आहेत ना गं?" ती हसायची नाही. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं होतं. थोरलीला ते दिसत होतं. दिसत होतं, आणि मंगळवारी तिचा अंगठा परत शिवशिवत होता.

*

आईच्या वाढदिवसाला नकाशा सगळ्यांना दाखवायचं ठरलं. मावशी आदल्या दिवशीच येऊन थडकली होती. आईची ही धाकटी बहीण, आयुष्यभर मुख्याध्यापिका; सत्तरी ओलांडली तरी बोलायची ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. बैठकीच्या खोलीतली भिंत मोकळी केली, पडदे ओढले. प्रोजेक्टर धाकट्याने आपल्या दातांच्या दवाखान्यातून आणला होता. तो लावल्यावर आधी भिंतीवर कुणाची तरी किडलेली दाढ आली.

"अगबाई, हे कुठलं गाव?" मावशी म्हणाली.

सगळे खो खो हसले. आईसुद्धा. आई मधल्या खुर्चीत, गुडघ्यांवर शाल, आणि शेजारच्या स्टुलावर नकाशेवाली. स्टूल कुणी ठेवलं होतं? नेहमी त्या जागी थोरली बसायची. कुणी उठ म्हणालं नव्हतं आणि बस म्हणालं नव्हतं. तिने केक कापायची सुरी आणायला म्हणून पाठ फिरवली आणि तेवढ्यात जागा गेली.

"चहा टाकते," ती म्हणाली.

"अगं ताई, बस ना, नंतर होईल चहा," धाकटा म्हणाला.

"बसा तुम्ही. मला काय, पाठ आहे सगळं."

स्वयंपाकघरातून भिंत दिसत नव्हती, पण शब्द न् शब्द येत होता. नकाशेवाली काहीतरी समजावत होती, थर, टिंबं, आवडेल त्यावर दाबा. पाण्याला आधण आलं आणि त्या आवाजात मधलं बरंच बुडालं. मग मावशी: "अक्का, तुझा नवरा टाक्या बांधत गेला आणि तू त्यांच्यापुढे उभी राहत गेलीस. फोटो तुझा काढायचे की टाकीचा गं?"

"टाकीचाच. मी मोजमापाला."

पुन्हा हसू. थोरली कप मांडत राहिली. आणि मग आईचा आवाज आला, जरा हळू, लाडिक म्हणावा असा:

"तो समुद्राचा दाखव गं. आपला."

आपला.

थोरलीचा हात कपावर थांबला. तो फोटो तिला ठाऊक होता. त्यात टाकी नव्हती, बाबा नव्हते, ती नव्हती. आई एकटीच खडकावर, केस वाऱ्याने तोंडावर आलेले, कपडे गुडघ्यापर्यंत भिजलेले, आणि तोंड उघडून हसत असलेली. लहानपणी तिने विचारलं होतं, हे कुठलं? "असंच कुठलंतरी," आई म्हणाली होती. आणि आता तो 'आपला' झाला, या दोघींचा!

"सांगू का?" आई बाहेर म्हणत होती. "त्या दिवशी काय झालं..."

थोरलीने फोन साखरेच्या डब्याला टेकवला होता तो उचलला. नकाशा उघडला. समुद्रकाठी ते एकटंच टिंब. अंगठा दाबला, फोटो थरथरून उचलला गेला, आणि तिने तो ओढायला घेतला. किनाऱ्यावरून आत, खाजणातून, हमरस्त्यावरून.

बाहेर आईचं बोलणं अर्ध्यात तुटलं.

"अरे," मावशी म्हणाली, "हा बघा, हा चालला!"

"कोण चालला?"

"फोटो! अक्का, तू चाललीस बघ!"

धाकटा हसत सुटला. "अगं, काय हे, तुझ्या नकाशाला पाय फुटले की!"

थोरलीला वाटलं, बाहेर दुसरं काहीतरी दाखवताहेत, नकाशेवालीने काढलेली काही गंमत. तरी तिचा अंगठा दचकून जागीच थबकला.

"थांबला," मावशी म्हणाली. "दमली वाटतं."

थोरलीने अंगठा पुढे सरकवला.

"निघाली परत!"

आणि मग तिला उमगलं. अंगठा आपोआप उचलला गेला आणि आई होती तिथे, भर नदीच्या मधोमध, खडकावर बसल्या बसल्या राहिली. बाहेरचं हसू विझत विझत गेलं. चहा उतू गेला तो सूं करून शेगडीवर. तेवढाच एक आवाज.

लपून राहणार कुठवर? तिने शेगडी बंद केली, उरलेला चहा कपांत गाळला, ट्रे उचलला आणि बाहेर आली. सगळ्यांनी माना वळवल्या. भिंतीवर नदीत आई हसत होती, हातभर उंचीची. फोन ट्रेवर कपांच्या मध्येच ठेवलेला होता, उजळलेला; घाईत तिने तो तिथेच टाकला होता. त्यावर तीच नदी आणि तीच आई.

मावशीने फोनकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. "समुद्र कुणाच्या ट्रेमध्ये आहे ते कळलं," ती म्हणाली. पण हे तिने हळू म्हटलं, पहिल्या बाकापुरतं.

नकाशेवाली उभी राहिली. "ताई, तुम्ही?"

थोरलीने ट्रे पुढे केला.

"इतके दिवस तुम्हीच?"

"चहा घ्या," थोरली म्हणाली. "गार होतोय."

"मी अख्खा भाग खोडून दोनदा नव्याने लिहिला, ताई. दोनदा! ऑफिसात मला नळ्यांचं काम नको म्हणून सांगितलं मी, म्हटलं माझा हात बिघडलाय, माझं कुठेतरी चुकतंय आणि मला दिसत नाहीये. शेवटी काल हे बसवलं, कुणी काही हलवलं की सगळ्यांच्या पडद्यावर तत्क्षणी दिसावं म्हणून. चूक पकडायला. चूक!" तिचा आवाज चिरकला. "माझ्यावर राग होता तर दोन थोबाडीत मारायच्या होत्या."

"राग कशाला असेल? मी आपले घरचे फोटो घरी आणत होते."

"घरचे म्हणजे?" धाकटा मध्ये पडला. "ताई, ते फोटो सगळ्यांचे आहेत. घराच्या वाटणीच्या वेळीही तू हेच..."

"तू गप रे! तू सोफ्यावर घोरत होतास." थोरलीने ट्रे ठेवला, कप एकमेकांवर आपटले. "आईचं पथ्य कोण बघतं? रात्री पायात गोळा आला तर कुणाला हाक मारते ती? आणि गोष्टी मात्र रविवारच्या पाहुण्यांना! आपला फोटो म्हणे. माझा कधी झाला तो?"

"पाहुणी ना मी?" नकाशेवाली म्हणाली. "खरंय. आई मला गोष्टी सांगतात, कारण पाहुण्यांनाच सांगतात गोष्टी. माझ्यावर कधी ओरडतात का त्या? तुमच्यावर ओरडतात तशा? तुम्ही बाहेर गेलात की दहादा दाराकडे बघतात, 'मोठी आली नाही अजून, मोठी जेवली नाही अजून.' मी शेजारी बसलेली असते, ताई. माझं जेवण झालं का हे चार वर्षांत कुणी विचारलेलं नाही."

याचं काय करायचं ते थोरलीला कळेना. बोचत होतं, आणि आत कुठेतरी गोडही लागत होतं, आणि गोड लागतंय याची लाज वाटत होती.

"झालं दोघींचं?" आई म्हणाली. शालीचं टोक तिने बोटाला गुंडाळलं होतं. "मोठे, इकडे ये. हा फोटो मी तुला का सांगितला नाही, ऐकायचंय? तू सहा महिन्यांची होतीस. रात्रंदिवस रडायचीस. तुझे बाबा टाकीवर, आणि मी त्या दोन खोल्यांत, तू आणि मी, मी आणि तू. एका सकाळी तुला शेजारणीच्या मांडीवर दिलं, म्हटलं संध्याकाळी येते, आणि बस पकडून एकटी समुद्रावर गेले. जन्मात पहिल्यांदा एकटी. तिथे एक फोटोवाला फिरत होता. त्याने विचारलं, काढू का? म्हटलं, काढ."

"मला टाकून गेलीस?" थोरली म्हणाली. पन्नाशीच्या बाईच्या तोंडून ते असं निघालं, की मावशीने दुसरीकडे पाहिलं.

"हो."

"मला का नाही नेलंस?"

"बघ!" आईने हात पसरले. "म्हणून नाही सांगितलं. तू हेच म्हणणार, मला ठाऊक होतं. हिला सांगितलं तेव्हा ही म्हणाली, पाणी गार होतं का, आई?"

नकाशेवालीने मान खाली घातली.

"आणि आता दुसरं ऐक," आई म्हणाली. "हे दोघं मला नेत नाहीयेत. मीच म्हटलं मला न्या. त्यांच्या घरापासून समुद्र चालत जाण्याइतका आहे. पाय चालताहेत तोवर जाऊन येते. चार महिने."

"तू म्हटलंस?"

"मी."

इतके आठवडे थोरली नकाशेवालीशी भांडत होती, मनातल्या मनात, भांडी पुसता पुसता. आता ते भांडण कुणाशी करायचं? आईशी? की त्या सहा महिन्यांच्या पोरीच्या बाजूने उभं राहून त्या खडकाशी? ती खाली बसली, सरळ जमिनीवर, आईच्या पायाशी. फोन हातात घेतला. नदीतला फोटो अंगठ्याखाली धरला आणि किनाऱ्याकडे न्यायला लागली. भिंतीवर आई पुन्हा चालू लागली. या खेपेला मावशी काही बोलली नाही.

"इथे?" थोरलीने विचारलं.

"जरा वर," आई म्हणाली. "खडक होते तिथे. हां. अजून जरा."

"पाणी गार होतं?"

"विचारू नकोस! पण मी पाण्यातून निघाले नाही."

*

निघायचं दुसऱ्या दिवशी सकाळी होतं, म्हणून बॅग संध्याकाळीच भरायला घेतली. भरणार थोरलीच. औषधं कुठली कशाबरोबर, लोकरीचे मोजे कुठले आणि साधे कुठले, उशी कुठली चालते; दुसऱ्या कुणाला काय कळणार? आई पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. नकाशेवाली दारात येऊन उभी राहिली.

"मदत करू?"

"नको."

ती गेली नाही. दाराच्या चौकटीला टेकून राहिली. थोरलीने मोजे ठेवले, काढले, परत ठेवले. मग विचारलं, तिच्याकडे न बघता, "जेवलीस?"

"नाही अजून."

"मग थांब. आपण बसू बरोबर." आणि जरा वेळाने, "ऑफिसात सांग त्यांना. हात बिघडलेला नाही म्हणून."

"सांगते."

जाड पांघरूण राहिलं होतं. ते एकट्याने आवरणारं नव्हतं. थोरलीने त्याची दोन टोकं नकाशेवालीच्या हातात दिली आणि मागे सरकली. दोघींनी ते ताणलं, झटकलं, अर्ध्यात दुमडलं.

"काठ आत घे," थोरली म्हणाली. "आईला काठ बाहेर आलेला चालत नाही."

"नाही ताई, काठ बाहेर. आईच म्हणाल्या मला, की माझी घडी त्यांना आवडते."

थोरलीचे हात थांबले. पांघरूण दोघींच्या मध्ये ताठ राहिलं. "तुला म्हणाली? मला तर रोज म्हणते, घडी घालावी तर तूच."

दोघींनी एकदमच पलंगाकडे पाहिलं.

आई चष्मा पुसत होती. घाई नव्हती तिला. पुसून झाल्यावर तो डोळ्यांवर चढवला आणि दोघींकडे आळीपाळीने पाहिलं.

"दोघींच्याही घड्या वाकड्या," ती म्हणाली. "तुम्ही पाठ वळवलीत की मी उठून परत घालते. द्या इकडे."